साष्टी बेट

साष्टी : महाराष्ट्राच्या उत्तर कोकण किनाऱ्यावरील बेट. क्षेत्रफळ सुमारे ६०० चौ. किमी. उत्तरेस वसईची खाडी, पूर्वेस ठाण्याची खाडी, पश्चिमेस अरबी समुद्र आणि दक्षिणेस माहीमची खाडी व मिठी नदीचे मुख अशा त्याच्या सीमा आहेत. मुंबई उपनगर जिल्हा, ठाणे शहराचा खाडीच्या पश्चिमेकडील भाग आणि मीरा-भाईंदर ही सगळी वस्ती या बेटावर आहे. सहासष्ट गावांचा समूह म्हणून ‘षट्षष्टी’ आणि त्यावरून ‘साष्टी’ हे नाव पडले, अशी व्युत्पत्ती सांगितली जाते. पोर्तुगीज व इंग्रजी कागदपत्रांत ते ‘सालसेट’ असे येते. गोव्यातील सासष्टी तालुका वेगळा.

जगातील सर्वांत दाट वस्तीच्या बेटांत साष्टीची गणना होते. तरीही त्याच्या मध्यभागी जंगल व तीन तलाव आहेत, अंगावर दोन हजार वर्षांची लेणी आहेत, पश्चिम कडेला कोळीवाडे व पुळणी आणि पूर्व कडेला रोहितांचे थवे उतरणारा चिखलपट्टा आहे. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या तीन शहरांना हे सर्वांत जवळचे बेट होय. तिथले असंख्य नोकरदार रोज सकाळी लोकलने बेटावर येतात आणि रात्री परततात. मात्र सुट्टीचा बेत ठरताना माथेरान, कर्जत किंवा अलिबागचे नाव निघते, साष्टीचे क्वचितच. रुळाच्या आणि कचेरीच्या पलीकडचे बेट ध्यानात घेऊन ही नोंद केली आहे.

उल्हास नदी आणि बेटाची घडण

साष्टीला बेटपण देणारी नदी उल्हास. बोरघाटाजवळ राजमाचीच्या डोंगरात उगम पावून ती कर्जत, नेरळ, बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर व कल्याण यांच्या कुशीने वाहते. तिची लांबी सुमारे १२२ किमी आहे. बदलापूरच्या बाजूने बारवी, तर कल्याणजवळ काळू व भातसा या नद्यांचे पाणी तिला मिळते. अंबरनाथच्या डोंगरात उगम पावणारी वालधुनी उल्हासनगरातून येऊन कल्याणजवळ तिच्यात शिरते. ठाण्याजवळ उल्हासेला दोन फाटे फुटतात. मुख्य प्रवाह पश्चिमेकडे वळून वसईच्या खाडीने समुद्राला मिळतो आणि दुसरा अरुंद फाटा दक्षिणेकडे ठाण्याच्या खाडीत उतरतो. या दोन फाट्यांच्या मधला भूभाग म्हणजे साष्टी. बदलापूरच्या पुलाखालून वाहणारे पाणी शेवटी या बेटाच्या दोन्ही अंगांना वेढा घालते.

बेटाचा आणि या शहरांचा संबंध पाण्यापुरताच नाही. अंबरनाथचे शिवमंदिर वालधुनीच्या काठी असून त्यातील शिलालेख शके ९८२ (इ.स. १०६०) चा आहे. त्यात शिलाहार राजा मुम्मुणी याचा उल्लेख येतो. उत्तर कोकणच्या शिलाहारांचे ‘श्रीस्थानक’, म्हणजे आजचे ठाणे, याच बेटाच्या पूर्व काठावर होते. खाडीच्या या काठावरच्या सत्तेने पलीकडच्या मुलखात भूमिज शैलीचे हे मंदिर उभे केले. उल्हासनगर त्या मानाने अगदी अलीकडचे. फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांसाठी कल्याण कॅम्प या लष्करी छावणीच्या जागेवर १९४९ मध्ये ते वसवण्यात आले आणि त्याला नदीवरून नाव मिळाले. आज शहाड येथे उल्हासेतून उचललेले पाणी ठाणे व मीरा-भाईंदरच्या नळांपर्यंत जाते. बेटाच्या उत्तर भागाची तहान अशी याच नदीवर भागते. उलट बाजूने, वालधुनीत मिसळणारे कारखान्यांचे व घरांचे सांडपाणीही उल्हासेच्या वाटेने खाडीत पोहोचते, हे नोंदवणे भाग आहे.

भूरचना

बेटाचा पाया दख्खनच्या लाव्ह्याचा, म्हणजे काळ्या बेसॉल्ट खडकाचा. मधोमध उत्तर-दक्षिण डोंगररांग असून तिच्यातील जांबुळमाळ हे सुमारे ४६७ मी. उंचीचे शिखर बेटावर सर्वांत उंच आहे. रांगेच्या दोन्ही अंगांना पूर्वी भातशेती, खाजण व मिठागरे होती. पश्चिम भागात मालाडच्या आसपास फिकट पिवळसर खडक सापडतो. कुर्ल्याच्या करड्या व मालाडच्या पिवळसर दगडांतून दक्षिण मुंबईतील छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाची इमारत उभी राहिली. अंधेरीची गिल्बर्ट टेकडी म्हणजे सुमारे ६० मी. उंचीच्या उभ्या बेसॉल्ट स्तंभांचा एकसंध कडा. तिचे वय सुमारे साडेसहा कोटी वर्षे मानले जाते. आता ती इमारतींनी चहूबाजूंनी वेढली असून तिच्या माथ्यावर गावदेवीचे देऊळ आहे.

डोंगरातून मिठी, दहिसर, पोयसर व ओशिवरा या छोट्या नद्या निघतात. विहार (१८६०), तुळशी (१८७९) व पवई (१८९१) हे तीन तलाव मुंबईच्या पाण्यासाठी बांधलेले आहेत. विहारपासून मुंबई शहराला नळाचे पाणी मिळू लागले. विहार व तुळशी आजही पिण्याचे पाणी पुरवतात. पवईचे पाणी पिण्यासाठी वापरत नाहीत. विहार व पवई भरून वाहिले की ते पाणी मिठीत उतरते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिमी पाऊस झाला, तेव्हा मिठीने कुर्ला व कालिना बुडवले आणि त्याच पावसात उल्हासेने बदलापूर, अंबरनाथ व कल्याणच्या सखल भागांत पाणी भरले. एकाच दिवशी दोन्ही काठ बुडाल्याने या नद्यांचे नाते सर्वांना कळून चुकले.

इतिहास

बेटाचा सर्वांत जुना ठसठशीत पुरावा कान्हेरीचा. इ.स.पू. पहिल्या शतकापासून सुमारे हजार वर्षे इथे बौद्ध भिक्षूंची वस्ती होती. कल्याण व सोपारा ही बंदरे जवळ असल्याने व्यापाऱ्यांच्या देणग्या इथे आल्या आणि त्या शिलालेखांतून नोंदल्या गेल्या. पुढे शिलाहार, यादव व गुजरातचे सुलतान असे सत्तांतर होत गेले. १५३४ च्या वसईच्या तहाने सुलतान बहादूरशाहाने वसईसह साष्टी पोर्तुगीजांना दिली. त्यांनी वांद्रे, ठाणे, मालाड, मरोळ व उत्तन परिसरात चर्चे व मठ उभारले आणि किनाऱ्यावर गढ्या बांधल्या. १६६१ मध्ये मुंबई बेट इंग्रजांना आंदण दिले गेले, पण साष्टी त्यात येत नाही असे पोर्तुगीजांनी सांगितले आणि हा वाद बराच काळ धुमसत राहिला.

मार्च १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणे घेतले व साष्टीत पाय रोवला. चिमाजी अप्पांच्या मोहिमेची सांगता मे १७३९ मध्ये वसईच्या विजयाने झाली. ठाण्याचे कोपिनेश्वर मंदिर मराठी अमलातच, १७६० च्या सुमारास, नव्याने बांधले गेले. डिसेंबर १७७४ मध्ये इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला हल्ला करून घेतला आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने साष्टी कायमची त्यांच्याकडे गेली. पेशव्यांचे कारभारी त्रिंबकजी डेंगळे १८१६ मध्ये याच किल्ल्यातील कैदेतून निसटले. आज किल्ल्यात ठाण्याचे मध्यवर्ती कारागृह आहे.

बेटाला मुंबईशी व मुख्य भूमीशी जोडण्याचे काम एकोणिसाव्या शतकात झाले. शीवचा बांध शतकाच्या प्रारंभी पुरा झाला आणि वांद्रे-माहीमचा बांध १८४५ मध्ये लेडी अवाबाई जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीतून. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली देशातील पहिली प्रवासी आगगाडी ३४ किमी धावून ठाण्याला, म्हणजे बेटाच्या पूर्व कडेला थांबली. १८५४ मध्ये खाडीवर पूल झाला व गाडी कल्याणला पोहोचली. दोन वर्षांनी रूळ बदलापूरवरून खोपोलीपर्यंत गेले. तेव्हापासून बदलापूरच्या माणसाला बेटावर जाण्यासाठी होडीची गरज राहिली नाही. वसईच्या खाडीवरचे रेल्वेपूल उत्तरेकडून, वाशीचे पूल (पहिला १९७३) पूर्वेकडून आणि वांद्रे-वरळी सागरी सेतू (२००९) दक्षिणेकडून आले. मुंबई महापालिकेची हद्द १९५० व १९५७ मध्ये वाढली आणि दहिसर-मुलुंडपर्यंतची साष्टी शहरात आली. १९९० मध्ये मुंबई उपनगर हा स्वतंत्र जिल्हा झाला.

ठाणे आणि पूर्व काठ

कल्याणकडून येणाऱ्याला बेट प्रथम भेटते ते कळव्याच्या पुढच्या पुलावर. खाडी ओलांडली की ठाणे. शहराला तलावांचे शहर म्हणतात. स्टेशनपासून चालत जाण्याजोगा मासुंदा तलाव, म्हणजे तलावपाळी, ही संध्याकाळच्या फेरफटक्याची जागा. काठावर कोपिनेश्वर मंदिर व गडकरी रंगायतन आहे. येऊरच्या पायथ्याचा उपवन तलाव व शहरातील कचराळी तलाव हेही सहलीत बसतात. ठाण्याची मिसळ हा इथल्या न्याहारीचा लौकिक.

ठाण्याच्या दक्षिणेस मुलुंड, भांडुप, कांजूरमार्ग व विक्रोळीच्या पूर्वेला तिवरांची दाट रांग, मिठागरे व ओहोटीला उघडा पडणारा चिखल आहे. नोव्हेंबर ते मे या काळात खाडीत रोहित (फ्लेमिंगो) मोठ्या संख्येने येतात. २०१५ मध्ये सुमारे १७ चौ. किमी क्षेत्र ‘ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य’ म्हणून घोषित झाले आणि २०२२ मध्ये त्याला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. वनविभागाच्या बोटी ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून, म्हणजे खाडीच्या समोरच्या काठावरून निघतात. भरती-ओहोटीप्रमाणे फेऱ्यांची वेळ बदलते, म्हणून आधी चौकशी करणे सोयीचे. आणखी दक्षिणेस तुर्भे (ट्रॉम्बे) हे पूर्वीचे वेगळे बेट भरावाने साष्टीला जोडले गेले आहे. भाभा अणुसंशोधन केंद्र तिथे असल्याने त्या भागात सहलीला वाव नाही.

उत्तरेची खाडी

ठाण्याहून बोरिवलीकडे जाणारा घोडबंदर रस्ता बेटाच्या उत्तर कडेने जातो. एका बाजूला येऊरचा डोंगर, दुसऱ्या बाजूला खाडी. गायमुखापाशी डोंगर व पाणी अगदी लगट करतात आणि तिथून रस्त्याला घाटाचे वळण लागते. पावसाळ्यात बेटाचा सर्वांत हिरवा रस्ता हाच. वाहनांच्या कोंडीसाठीही तो तितकाच कुप्रसिद्ध आहे. पुढे घोडबंदरचा पोर्तुगीज किल्ला लागतो. त्याच्या तटावरून वसई खाडीचे रुंद पात्र दिसते. पूर्वी घोड्यांचा व्यापार या बंदरातून चाले. भाईंदर ते नायगाव या रेल्वेमार्गावर खाडीच्या मध्यावर पाणजू हे लहानसे बेट आहे. गाडीतून त्याची शेते व घरे क्षणभर दिसून जातात.

मधला डोंगर आणि लेणी

संजय गांधी राष्ट्रीय उद्यान (सुमारे १०३ चौ. किमी) हा साष्टीचा गाभा. महानगराच्या आत एवढे मोठे संरक्षित जंगल जगात फार थोड्या ठिकाणी आहे. बिबट्या, चितळ, सांबर, वानर आणि अडीचशेहून अधिक जातींचे पक्षी इथे आढळतात. सागवान, पळस, बोंडारा व बांबूची मिश्र राने डोंगरउतारावर आहेत. कारवीचे झुडूप साधारण सात-आठ वर्षांनी एकदा फुलते आणि त्या वर्षी डोंगर जांभळा होतो. उद्यानाच्या हद्दीत व कडेला वारली व इतर आदिवासींचे पाडे आहेत. जंगलात एकट्यादुकट्याने आडवाटेला शिरू नये. निसर्गवाटा वनविभागाच्या मार्गदर्शकाबरोबरच चालाव्यात. ठाण्याच्या बाजूने येऊर हे याच जंगलाचे दार. सकाळी लवकर जाणाऱ्या पक्षीनिरीक्षकांना तिथे बोरिवलीच्या दारापेक्षा शांतता मिळते.

बोरिवलीच्या प्रवेशद्वारापासून सुमारे सहा किमी आत कान्हेरी. एकाच डोंगरात शंभराहून अधिक लेणी कोरलेली आहेत. तिसऱ्या क्रमांकाचे चैत्यगृह सर्वांत भव्य असून त्याच्या ओसरीच्या दोन टोकांना सुमारे सात मीटर उंच बुद्धमूर्ती उभ्या आहेत. अकराव्या लेण्यास दरबार म्हणतात. एकेचाळिसाव्या लेण्यात अकरा मुखांचा अवलोकितेश्वर आहे. नव्वदाव्या लेण्यात इ.स. १००९ व १०२१ मध्ये आलेल्या पारशी पाहुण्यांनी पहलवी लिपीत आपली नावे कोरली. म्हणजे हजार वर्षांपूर्वीही कान्हेरी सहलीचे ठिकाण होते. लेण्यांपेक्षाही कौतुक वाटावे ते पाण्याच्या व्यवस्थेचे. प्रत्येक विहाराशी टाके, डोंगरभर कोरलेल्या पन्हळी व बांध यांमुळे पावसाचे पाणी वर्षभर पुरे. पन्हळी वाहताना पाहायच्या तर पावसाळ्यात जावे. पायऱ्या मात्र तेव्हा शेवाळलेल्या असतात.

बेटावर इतरही लेणी आहेत आणि ती वस्तीच्या मधोमध सापडतात. अंधेरीची महाकाली (कोंदिवटे) लेणी बौद्ध असून कान्हेरीच्या काळात सुरू झाली. जोगेश्वरीचे गुहामंदिर सहाव्या शतकातील शैव लेणे. मोठ्या प्राकाराचे हे लेणे झोपडपट्टीच्या पोटात आहे. बोरिवलीजवळचे मंडपेश्वरही त्याच काळातले. तिथे पोर्तुगीज काळात फ्रान्सिस्कन धर्मगुरूंनी गुहेचे चर्च केले आणि वर मठ बांधला. आज खाली शिवाची पूजा चालते आणि वर मठाच्या भिंती उभ्या आहेत. साष्टीच्या राजवटींचा क्रम एका ठिकाणी पाहायचा असेल, तर मंडपेश्वराला तोड नाही.

डोंगराच्या दक्षिण पायथ्याशी आरे दुग्ध वसाहत (१९५१) व गोरेगावची दादासाहेब फाळके चित्रनगरी आहे. ठाणे-बोरिवली जोडणारा जुळा बोगदा या डोंगराखालून खोदला जात आहे. तो झाल्यावर घोडबंदरचा वळसा टळेल.

पश्चिम किनारा आणि धारावी बेट

पश्चिमेचा किनारा वांद्र्यापासून उत्तनपर्यंत पसरला आहे. त्याचा दक्षिण भाग शहरी. वांद्र्याच्या टोकाला १६४० चा पोर्तुगीज बुरूज आहे आणि टेकडीवर मोत माउलीचे चर्च. सप्टेंबरात भरणाऱ्या तिच्या जत्रेला सर्व धर्मांचे लोक जातात आणि मेणाची घरे, हात, पाय वाहून नवस फेडतात. जुहूची चौपाटी गर्दीची. तिच्या मागच्या विमानतळावर १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन उतरले आणि देशातील नियमित हवाई सेवेची सुरुवात झाली. वर्सोवा कोळीवाड्याची पुळण २०१५ पासून नागरिकांनी दर आठवड्याला राबून साफ केली आणि मार्च २०१८ मध्ये तिथे ऑलिव्ह रिडले कासवाची पिले समुद्राकडे जाताना दिसली.

वर्सोव्याहून तरीने मढला जाता येते. मढच्या टोकाला पोर्तुगीज किल्ला आहे. तो हवाई दलाच्या ताब्यात असल्याने आत जाण्यास परवानगी लागते. आक्साची पुळण देखणी आणि फसवी. तिथे ओढ जबर असून बुडण्याच्या घटना वारंवार घडतात. पोहायला उतरू नये हे उत्तम.

मार्वेहून तर पकडली की मनोरी. मनोरी, गोराई व उत्तन या गावांना मिळून धारावी बेट म्हणतात (शीव-माहीमजवळची धारावी वेगळी). पूर्वी ते साष्टीपासून खाडीने सुटे होते. आज भाईंदरकडून रस्ता आहे. इथे अजून नारळी, भाजीचे मळे, कौलारू घरे आणि बांबूच्या दांड्यांवर वाळत घातलेले बोंबील दिसतात. गोराईच्या विश्व विपश्यना पॅगोडाचे उद्घाटन २००९ मध्ये झाले. मध्यभागी एकही खांब नसलेल्या त्याच्या घुमटाखाली सुमारे ८,००० साधक बसू शकतात. उत्तनजवळच्या चौक गावी धारावीचा किल्ला होता. वसईच्या मोहिमेत मराठ्यांनी तो १७३९ मध्ये घेतला. तिथल्या उंचवट्यावरून समोर वसईचा किनारा दिसतो आणि खाडीचे हे मुख हाती असणे का गरजेचे होते ते नकाशाविना कळते.

लोक, भाषा, खाणे

कोळी, आगरी, भंडारी, कुणबी, वारली व ईस्ट इंडियन हे बेटाचे जुने रहिवासी. ईस्ट इंडियन हे पोर्तुगीज काळात ख्रिस्ती झालेले स्थानिक मराठीभाषक. १८८७ मध्ये त्यांनी हे नाव स्वीकारले. त्यांची बोली, लग्नातील गाणी आणि बाटलीत भरून ठेवायचा मसाला वांद्रे, मरोळ, मनोरी व उत्तनच्या गावठाणांत टिकून आहे. कोळीवाड्यांत नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण करून मासेमारीचा हंगाम सुरू होतो. जवळा, बोंबील, मांदेली व सुरमई ही इथली रोजची मासळी. गेल्या शतकात देशभरातून आलेल्या वस्तीमुळे जुने रहिवासी संख्येने थोडे झाले. २०११ च्या जनगणनेनुसार मुंबई उपनगर जिल्ह्याची लोकसंख्या ९३ लाखांहून अधिक आहे. त्याच जनगणनेत उल्हासनगर सुमारे ५.०६ लाख, अंबरनाथ २.५३ लाख आणि बदलापूर १.७४ लाख होते. बेटावरची महाग घरे न परवडलेल्या कुटुंबांनी ही शहरे वाढवली.

पोहोचण्याचे मार्ग

मध्य रेल्वेवर छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून अंबरनाथ सुमारे ६० किमी व बदलापूर ६८ किमी. ठाणे बदलापूरहून बरोबर निम्म्या वाटेवर, ३४ किमी. ठाण्याहून परिवहनच्या बसने घोडबंदर रस्त्याने बोरिवली-भाईंदर गाठता येते. येऊर व उपवन रिक्षाच्या अंतरावर. पश्चिमेकडे जायचे तर घाटकोपरला उतरून वर्सोव्याची मेट्रो (२०१४) धरावी. तिच्या ‘पश्चिम द्रुतगती महामार्ग’ स्थानकावरून पुलाने शेजारच्या गुंदवलीला जाऊन दहिसरची मेट्रो घेतली की ‘राष्ट्रीय उद्यान’ हेच स्थानक लागते. दादरला जाऊन पश्चिम रेल्वे धरण्याचा जुना मार्ग लांब पडतो. डोंबिवली-दिव्याहून वसईकडे जाणारा रेल्वेमार्ग बेटाच्या बाहेरून, खाडीच्या उत्तरेने जातो. भाईंदर-उत्तन उत्तरेकडून पाहणाऱ्यांना तो उपयोगी. त्यावर गाड्या मात्र कमी.

रविवारी मेगाब्लॉक असतो, म्हणून आदल्या दिवशी वेळापत्रक पाहावे. राष्ट्रीय उद्यान व कान्हेरी सोमवारी बंद असतात. मार्वे-मनोरी व गोराईच्या तरी भरती, वारा व पावसाप्रमाणे चालतात.

ऋतू आणि सहलीचा क्रम

जून ते सप्टेंबर पाऊस जोराचा. डोंगर, घोडबंदर रस्ता व कान्हेरीसाठी ऑगस्टनंतरचे दिवस चांगले. त्या काळात किनारा टाळावा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी सर्व भागांसाठी योग्य. रोहितांसाठी जानेवारी ते मार्च. एप्रिल-मे महिन्यांत दमटपणा जाचतो. तेव्हा मनोरी-उत्तनचा समुद्र बरा.

सगळे बेट एका दिवसात उरकण्याचा प्रयत्न करू नये; दिवसाचा मोठा भाग वाहनांत जातो. बेटाचे तीन तुकडे करून तीन सुट्ट्यांत पाहणे शहाणपणाचे. पहिल्या खेपेस ठाणे, येऊर व घोडबंदर. दुसऱ्या खेपेस राष्ट्रीय उद्यान, कान्हेरी व मंडपेश्वर. तिसऱ्या खेपेस मार्वेची तर, मनोरी, गोराई व उत्तन. लहान मुले किंवा वडीलधारी मंडळी बरोबर असतील तर पहिला तुकडा पुरेसा. इतिहासाची आवड असेल तर दुसरा चुकवू नये. आणि एकच दिवस हाती असेल तर कान्हेरी निवडावी. डोंगर, जंगल, पाणी आणि दोन हजार वर्षांचा इतिहास बेटावर फक्त तिथेच एका जागी भेटतात.